टवका : गाडीच्या रंगाची घरगुती निगा

मोटारीच्या रंगाचा उडालेला टवका हा स्मरणिकेत लिहिण्याचा विषय आहे काय, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. गुरुजनांच्या आठवणी, वसतिगृहातील दिवस, संस्थेची वाटचाल हे सारे स्मरणिकेत असते आणि असावेच. परंतु आमच्या पिढीच्या संसारात एक वस्तू नव्याने आली आहे. आम्ही शाळेत असताना पालक एसटीने येत आणि फाट्यापासून पेटी डोक्यावर घेऊन चालत येत. आज आपल्यापैकी अनेकांच्या दारात चारचाकी उभी आहे. बहुतेकांच्या घराण्यातील ती पहिलीच. बहुतेकांनी ती जुन्या बाजारातून, हप्त्यांवर घेतलेली. गाडी घेण्याविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. घेतलेली गाडी टिकवायची कशी, हे सांगणारे थोडे. म्हणून हा लेख.

आम्ही तिघे भावंडे, दोन भाऊ आणि एक बहीण. तिघेही याच शाळेचे विद्यार्थी. आमचे वडील मराठवाड्यातून कामाच्या शोधात बोईसरला आले आणि तारापूर औद्योगिक वसाहतीत रंगकाम करणाऱ्या ठेकेदारांकडे त्यांनी सारी उमेद घालवली. टाक्या, नळ, लोखंडी जिने, शेडचे खांब घासायचे आणि रंगवायचे, हे त्यांचे काम. बाबांना आता दमा आहे. फुफ्फुसांवर जुन्या धुळीच्या खुणा आहेत, असे डॉक्टर सांगतात. त्यांना तपासणीसाठी दर महिन्याला मुंबईला न्यावे लागते आणि गर्दीच्या लोकलमध्ये त्यांना उभे राहवत नाही. या एका कारणासाठी आम्ही तिघांनी मिळून एक वापरलेली निळी गाडी घेतली. ती अजून किमान सात-आठ वर्षे चालली पाहिजे, असा आमचा हिशेब आहे. हा हिशेब इंजिनाने मोडण्याआधी पत्र्याने मोडेल, अशी लक्षणे दुसऱ्याच वर्षी दिसू लागली.

बॉनेटच्या पुढच्या कडेवर, छताच्या समोरच्या पट्टीवर आणि चाकांच्या कमानीभोवती बारीक टवके उडाले होते. काही पांढुरके, काही करडे आणि दोन-तीन चक्क तांबूस. एका कार्यशाळेत दाखवले. संपूर्ण बॉनेट आणि दोन्ही बाजूंचे पुढचे पत्रे रंगवावे लागतील, असे तेथे सांगण्यात आले. त्यांचे म्हणणे त्यांच्या दृष्टीने रास्त होते, कारण ठिपके दिसू नयेत असे ग्राहकाला वाटत असेल तर पूर्ण पत्रा रंगवण्याला पर्याय नाही. पण खर्चाचा आकडा बाबांच्या तीन महिन्यांच्या औषधांइतका निघाला. ठिपके दिसले तरी चालतील, पण गंज चढता कामा नये, असे आम्ही ठरवले आणि काम घरीच करायला घेतले.

आपल्या भागात या कामाला विलंब परवडत नाही, याची कारणे भूगोलात आहेत. मनोर, मस्तान नाका, चिल्हार फाटा या पट्ट्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ हा मुंबई आणि अहमदाबाद यांना जोडणारा, अवजड वाहनांनी अहोरात्र भरलेला रस्ता आहे. चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळले की औद्योगिक वसाहतीत जाणारे ट्रेलर आणि टँकर पुढे-मागे असतात. त्यांच्या चाकांखालून उडालेली खडी मागच्या गाडीच्या बॉनेटवर आपटते. दोन गाड्या परस्परविरुद्ध दिशांनी येत असतील तर त्या खड्याचा वेग आणि गाडीचा वेग यांची बेरीज होते. वाटाण्याएवढा खडाही मग रंगाचे सारे थर फोडून पत्र्यापर्यंत पोहोचतो.

खड्याने दार उघडले की आत शिरायला येथे पुष्कळ जण टपलेले आहेत. चिंचणी, तारापूर, नवापूर, दांडी, सातपाटी, केळवे ही सारी किनाऱ्याची गावे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि चार महिने हवा ओलीच राहते. त्यात कारखान्यांची हवा मिसळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले, तेव्हा देशातील सर्वाधिक प्रदूषित क्षेत्रांत तारापूरचे नाव अग्रभागी होते. येथे पहाटे उभ्या गाडीवर पडलेले दव पुसले की फडक्यावर करडा डाग उमटतो. कोरड्या प्रदेशात वर्षभर तसाच राहणारा टवका आपल्याकडे एका पावसाळ्यात तांबूस होतो.

गंज कसा चढतो, हे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचले आहे. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की लोहाचे ऑक्साइड तयार होते. पाण्यात मीठ असेल तर त्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि ही क्रिया वेग घेते. पुस्तकात सहसा न सांगितलेली गोष्ट अशी, की गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. टवक्याच्या तळाशी गंज वाढू लागला की तो भोवतालच्या निरोगी रंगाच्या खाली सरकतो आणि त्याला आतून उचलतो. वरून फुगवटा दिसतो, मग पोपडा सुटतो, मग पुन्हा उघडा पत्रा आणि पुन्हा गंज. ज्वारीच्या दाण्याएवढी जखम अशा रीतीने तळहाताएवढी होते.

गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. कारखान्यात गाडीचा सांगाडा प्रथम धुऊन त्यावर फॉस्फेटचा लेप दिला जातो. मग तो रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला बाजारात क्लिअर कोट म्हणतात. हे थर भट्टीत भाजून पक्के केले जातात. वरच्या थरांसाठी तापमान सुमारे १४० अंश सेल्सिअस असते. एवढे सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरते. मिलिमीटरच्या नवव्या-दहाव्या हिश्शाएवढे हे चिलखत. त्यातही आपण ज्याला रंग म्हणतो तो थर केवळ १५ ते २० मायक्रॉनचा असतो आणि सारी चकाकी वरच्या ४० मायक्रॉनांत असते.

गॅरेजमधील आपली माणसे या कामाला ‘ड्युको’ म्हणतात आणि ते करणाऱ्याला ड्युको पेंटर. हा शब्द आला आहे एका जुन्या व्यापारी नावावरून. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने १९२० च्या दशकात मोटारींसाठी ‘ड्युको’ नावाचा जलद वाळणारा रंग बाजारात आणला. त्यापूर्वी एका गाडीचा रंग पुरता वाळायला आठवडे लागत. तो रंग कारखान्यांतून केव्हाच मागे पडला, परंतु त्याचे नाव आपल्या गल्लीबोळांतील पाट्यांवर अजून नांदते आहे.

काम सुरू करण्यापूर्वी आम्ही प्रत्येक टवक्याची खोली पाहिली. त्यासाठी उपकरण लागत नाही. स्वच्छ जागेवरून हलकेच नख फिरवावे. नख अडकले नाही तर केवळ वरच्या पारदर्शक थरावर ओरखडा आहे, तेथे पॉलिशने भागते. नख अडकले आणि तळाशी करडा किंवा पांढरट रंग दिसला तर प्रायमर शाबूत आहे, तेथे रंग आणि क्लिअर कोट पुरे. तळाशी चकचकीत पत्रा किंवा तांबूस डाग दिसला तर मात्र पहिल्या पायरीपासून सर्व काम करावे लागते. एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुढचा आणि मागचा बंपर बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचा असतो. तेथला टवका कुरूप दिसतो, पण गंजत नाही. वेळ आणि पैसा थोडा असेल तर आधी पत्र्याकडे पाहावे, बंपरला थांबता येते.

आमच्या गाडीवर पत्र्यापर्यंत पोहोचलेले टवके चौदा निघाले. बाबांनी खडूने प्रत्येकाभोवती गोल काढला. कामाच्या जागी दोष दाखवण्याची त्यांची हीच पद्धत होती. ते खुर्चीवर बसून म्हणाले, “आधी घासा, मग पुसा, मग रंग. घासणं आन् पुसणं नीट झालं की काम बारा आणे झालं म्हणून समजा.” तीस वर्षे टाक्या रंगवणाऱ्या माणसाच्या या वाक्यात रंगकामाचे सारे शास्त्र आले. रंग उखडतो तो सहसा रंगाच्या दोषाने उखडत नाही. त्याच्याखाली राहिलेली धूळ, तेल, मीठ किंवा गंज त्याला उखडतात.

पहिले काम रंग मिळवण्याचे. प्रत्येक गाडीच्या रंगाला कारखान्याचा एक संकेतांक असतो. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटच्या आत एका पट्टीवर तो छापलेला असतो. कोठे ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. नुसता ‘निळा’ म्हणून रंग आणू नये, कारण एकाच कंपनीचे निळे रंग अनेक असतात. त्या संकेतांकाची छोटी टच-अप बाटली आम्ही मागवली. आमचा निळा धातूच्या झाकेचा, म्हणजे मेटॅलिक आहे. अशा रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म तुकडे असतात आणि ते तळाशी बसतात. म्हणून बाटली निदान दोन-तीन मिनिटे हलवावी लागते. हेही मनाशी समजून असावे, की कारखान्यात फवाऱ्याने बसलेले ते तुकडे आणि आपण कुंचल्याने बसवलेले तुकडे प्रकाश सारखा परतवीत नाहीत. त्यामुळे दुरुस्त केलेला ठिपका किंचित गडद किंवा फिका दिसतोच. साध्या पांढऱ्या वा लाल रंगाला हा त्रास कमी.

दुसरे काम दिवस निवडण्याचे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत आपल्याकडे हे काम हाती घेऊ नये. हवा दमट असली की रंगातील द्रावक उडताना पत्रा थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प धरते आणि रंगावर दुधाळ झाक येते. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, पण पहाटे दव असते. म्हणून आम्ही नोव्हेंबरचे रविवार निवडले आणि सकाळी दहानंतर सावलीत काम केले. उन्हात तापलेल्या बॉनेटवर रंग लावला तर वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आत ओल अडकून राहते. पत्र्यावर हात ठेवता आला पाहिजे, हे आमचे माप.

गाडी शाम्पूने धुऊन, भरपूर गोड्या पाण्याने मीठ काढून टाकून पूर्ण वाळू दिली. नंतर टवक्याची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. मेणाचा किंवा पॉलिशचा अंश राहिला तर रंग धरत नाही. मग गंज काढणे. येथे हात आवरावा लागतो. मोठा पॉलिश पेपर घेऊन घासले तर भोवतालचा चांगला रंग जातो. आम्ही पेन्सिलीच्या मागच्या टोकाला वॉटर पेपरची टिकलीएवढी गोल चकती चिकटवली आणि फक्त खड्ड्याच्या आत ती फिरवली. तांबूस रंग जाऊन स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत हे केले. बारीक छिद्रांत उरलेल्या गंजासाठी गंज रूपांतरक मिळतो. त्यातील टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल गंजाशी संयोग पावून त्याचा स्थिर, काळपट थर बनवते. तो लावून, बाटलीवर लिहिलेला वेळ पाळून जागा पुन्हा पुसली. टवक्याच्या कडा सुटल्या असतील तर त्या टोकदार काडीने आधीच काढून टाकाव्यात. सुटलेल्या कडेवर लावलेला रंग तिच्यासकट निघून येतो.

उघड्या पत्र्यावर हात फिरवू नये, कारण बोटांच्या घामातही मीठ असते. बाबा हे वारंवार बजावत होते आणि आम्हाला वसतिगृहातील श्रमदानाची आठवण येत होती. तेथे बाक घासून झाल्यावर त्यावर हात ठेवून उभे राहिल्याबद्दल आम्ही अनेकदा ऐकून घेतले आहे.

स्वच्छ पत्रा दिसल्यावर त्याच तासात प्रायमर लागला पाहिजे. आमच्या हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवणे म्हणजे पुन्हा गंजाला बोलावणे. प्रायमर आणि रंग लावण्याचे काम बहिणीकडे होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी शाळेत धरलेला बारीक कुंचला तिच्या हाताला अजून ठाऊक आहे. बाटलीच्या झाकणाला असलेला ब्रश बहुधा फार जाड असतो. तिने शून्य क्रमांकाचा कुंचला वापरला आणि अगदी लहान टवक्यांसाठी दातकोरण्याचे टोक. रंगाचा थेंब खड्ड्याच्या मध्यावर टेकवायचा आणि त्याला स्वतःहून कडेपर्यंत पसरू द्यायचे. कडेबाहेर गेलेला रंग ओला असतानाच टिपून घ्यायचा. एका दमात खड्डा भरू पाहिला तर जाड थेंब वाळताना आकसतो, मध्ये खळगा पडतो आणि आत ओल राहते. म्हणून प्रायमरचा पातळ हात, तो वाळल्यावर रंगाचे तीन पातळ हात, दोन हातांमध्ये अर्धा ते एक तास. शेवटी रंग रात्रभर वाळू दिला आणि दुसऱ्या दिवशी क्लिअर कोटचे दोन हात दिले. कारखान्यात भट्टी आहे, आपल्या अंगणात नाही. भट्टी जे अर्ध्या तासात करते त्यासाठी आपण दिवस दिले पाहिजेत.

ठिपका भोवतालच्या पातळीपेक्षा कणभर वर राहतो. तो एकसारखा करायचा असेल तर निदान आठवडाभर थांबून, पाण्यात भिजवलेल्या २००० आणि मग ३००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने फक्त तो उंचवटा घासावा आणि रबिंगने चकाकी आणावी. ज्यांना आत्मविश्वास नाही त्यांनी ही पायरी गाळली तरी गंजरोधाचे काम पूर्ण झालेले असते. चकाकीचा सारा थर चाळीस मायक्रॉनांचा आहे, हे घासताना विसरू नये. महिन्याभराने मेणाचा एक हात दिला की झाले. आम्हाला या सगळ्याला तीन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी बाबांनी बॉनेटच्या कडेवरून अंगठा फिरवला, एका ठिपक्यापाशी थांबले आणि म्हणाले, “चौदा आणे झालं.” उरलेले दोन आणे कोठे कमी पडले, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

आता या कामातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाबांच्या तरुणपणी तोंडाला रुमाल बांधणे हीच सुरक्षा होती. लोखंड साफ करण्यासाठी वाळूचा झोत मारला जाई. ती वाळूची धूळ फुफ्फुसांत कायमची बसते, हे कामगारांना कोणी सांगितले नाही. सिलिकोसिस हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. पण ठेकेदारीवरचा कामगार आज या शेडमध्ये तर उद्या त्या शेडमध्ये असतो आणि त्याची नोंद कोणत्याच वहीत राहत नाही. घरच्या कामात वाळूचा झोत नसतो, तरीही सावध असावे. घासताना पाणी वापरावे म्हणजे धूळ उडत नाही. कोरडे घासायचे झाले तर धुळीचा मास्क लावावा. परंतु तो मास्क थिनरची वाफ अडवत नाही, म्हणून काम उघड्यावरच करावे. टच-अपची छोटी बाटली आणि हार्डनर मिसळून फवारायचा दोन भागांचा क्लिअर कोट या वेगळ्या वस्तू आहेत. हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असते आणि त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. तो घरी फवारू नये. ज्यांच्या घरी आधीच दम्याचा रुग्ण आहे त्यांनी तर त्याला कामाच्या जागेपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवावे. बाबांची खुर्ची आम्ही तशीच ठेवली होती आणि ती पुढे सरकवण्याचे त्यांचे सर्व प्रयत्न हाणून पाडले.

कुंचले धुतलेला थिनर गटारात ओतू नये. कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल आपण सभांतून बोलतो, निवेदने देतो, खाडीतील मासे मेले की हळहळतो. आपल्या अंगणातील वाटीभर थिनर त्याच खाडीकडे जातो. आम्ही तो झाकणाच्या काचेच्या बाटलीत साठवतो. गाळ खाली बसला की वरचा भाग पुढच्या धुण्याला कामी येतो. थिनरने भिजलेली फडकी उघड्यावर पसरून वाळवतो, बोळा करून ठेवत नाही, आणि देवघर किंवा गॅसजवळ तर मुळीच नाही.

शाळेच्या सहलीत आपण अजिंठा पाहिला आहे. तेथील भिंतींवरही थरच आहेत. खडकावर मातीचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा लेप आणि त्यावर रंग. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी हैदराबादच्या निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा जागच्या जागी पक्का केला आणि त्यामुळे बरेच काही वाचले. पण चित्रे उजळ दिसावीत म्हणून त्यांवर लाखेचे व्हार्निशही लावले गेले. काळाबरोबर ते पिवळे-तपकिरी पडले आणि चित्रे झाकोळली. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ते काळजीपूर्वक उतरवावे लागले. कोठे अजिंठा आणि कोठे आमची हप्त्यावरची गाडी, हे आम्ही जाणतो. तरीही चौदा ठिपक्यांवर काम करताना हा इतिहास आमच्या उपयोगी पडला. जेथे गेले आहे तेथेच भरावे, शाबूत भागावर आपला हात चढवू नये आणि चमक हे दुरुस्तीचे ध्येय मानू नये, एवढे त्यातून घेता येते.

घरच्या कामाची सीमाही सांगितली पाहिजे. रंगाला फुगवटा आला असेल, पत्रा चेपला असेल, क्लिअर कोट सालीसारखा सुटत असेल किंवा उघडा पडलेला भाग रुपयाच्या नाण्याहून मोठा असेल तर ड्युको पेंटरकडे जावे. फुगवटा दिसतो त्याहून आतील गंज मोठा असतो आणि कधी तो पत्र्याच्या मागच्या बाजूने आलेला असतो. तेथे बाटली आणि कुंचला पुरे पडत नाहीत. बोईसर-पालघरच्या गल्ल्यांत हे काम उत्तम करणारे हात आहेत. त्यांच्याशी भाव करताना ते दिवसभर काय श्वासात घेतात, याची आठवण ठेवावी, आणि काम देताना मास्क लावण्याचा आग्रह ग्राहकानेच धरावा.

टवका उडूच नये म्हणून काही करता येते काय? थोडेफार येते. खडीच्या डंपरच्या मागे अंतर ठेवावे. समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी. बॉनेटच्या कडेवर पारदर्शक संरक्षक पट्टी चिकटवता येते. आणि महिन्यातून एकदा सकाळच्या तिरप्या उन्हात गाडीभोवती सावकाश एक फेरी मारावी. नवा टवका दिसला आणि त्या दिवशी काम जमणार नसेल, तर जागा पुसून कोरडी करून त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावावा. रविवार येईपर्यंत तो दव अडवतो.

आमच्या दुरुस्तीवरून आता दोन पावसाळे गेले आहेत. चौदाही ठिपके जवळून पाहिले तर ओळखू येतात. ऊन पडले की मेटॅलिक झाकेत ते किंचित गडद दिसतात. तांबूस मात्र एकही झालेला नाही. बाबांची मुंबईची फेरी एकदाही चुकलेली नाही.

त्या कामाचे साहित्य आम्ही एका पत्र्याच्या डब्यात ठेवले आहे. वॉटर पेपरचे तुकडे, पेन्सिली, गंज रूपांतरक, प्रायमर, क्लिअर कोट, दोन कुंचले, मास्क आणि खडू. प्रत्येकाने आपल्या गाडीच्या संकेतांकाची रंगाची बाटली तेवढी आणायची. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या इमारतीतील दोघा माजी विद्यार्थ्यांनी हा डबा नेला आणि परत करताना त्यात वॉटर पेपरचे नवे ताव घालून दिले. पालघर, सफाळे, डहाणू, बोईसर येथील आपल्यापैकी कोणालाही तो नेता येईल. स्वतः करायला कोणी कचरत असेल तर दिवाळीनंतरच्या कोणत्याही रविवारी, दव सुकल्यावर, गाडी घेऊन आमच्या अंगणात यावे. खडूने गोल काढायला बाबा आहेत.